बेल्टला जोड नसतो

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दुपारी पार्सलच्या गाडीने आलं ते: सायकलचा बेल्ट एक, ८२ डॉलर. पुढचं दातेरी चाक, ६४. मागचं लहान, ४७. वाहतूक ११. एकूण २०४. खोक्यात भरलेला कागद बरा निघाला, तो चूल पेटवायला ठेवला.

चांगली चेन चौदा डॉलरला येते. फ्रीमनला हे बोलून दाखवलं नाही. तो खोकं उघडत होता, आणि ऑक्टोबरनंतर त्याने कुठली वस्तू अशी मनापासून उघडलेली मी पाहिली नव्हती. आमच्या दुकानात आजवर सगळ्या सायकली चेनच्याच. त्यातही नवी चेन गिऱ्हाइकाला. घरच्या सायकलींना दोन जुन्यांतले चांगले तुकडे जोडून एक करायची, ही रीत लग्न होऊन आल्यावर मी घातली. हिशेब माझ्याकडे असतो म्हणून मला ठाऊक, तेवढ्यावर वर्षाचं रॉकेल सुटतं.

बेल्ट काळा, रबरासारखा, आतून दाते. शिवणयंत्राच्या पट्ट्यासारखाच वाटला, म्हणून मी घडी घालून खणात ठेवायला गेले. फ्रीमनने हातातून काढून घेतला.

"घडी घालायची नाही, ऑर्फा. आतले दोर तुटतात. वरून काही दिसत नाही आणि मग एके दिवशी चढावर जातो."

"एवढा नाजूक आहे तर घेतलास कशाला?"

"याला जोड नसतो," म्हणाला. मला वाटलं अजून काही सांगेल. तो बेल्ट भिंतीवरच्या लाकडी खुंटीला गोल टांगून जेवायला आला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

जोड नसतो म्हणजे काय ते आज कळलं. चेन कुठेही उघडता येते, फ्रेममधून ओवून परत जोडता येते. बेल्ट अखंड. तो आत जायचा तर फ्रेमच कापावी लागते. फ्रीमनने विकायला ठेवलेल्या एका चांगल्या फ्रेमचा मागचा दांडा करवतीने कापला आणि तिथे बोल्टने उघडता येईल असा तुकडा बसवला. मी कपडे वाळत घालत होते, करवतीचा आवाज थेट दातात शिरत होता.

विल्मा आली होती. फ्रीमनची ही थोरली बहीण रस्त्यापलीकडे राहते. दारात उभी राहून पाहत होती.

"धडधाकट सायकलीचं हाड मोडायचं आणि आत पट्टा घालायचा," म्हणाली. "सून आत यावी म्हणून घराची भिंत पाडल्यासारखं झालं."

फ्रीमन हसला नाही. एरवी विल्माच्या बोलण्याला तो हसतो.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

शाळेवरून बग्गी नेली. आमच्या मुलीच्या, लोरीनच्या, जागी आलेली मास्तरीण फळ्यावर बारीक अक्षर काढते, मागच्यांना दिसत नसणार. मला काय करायचंय म्हणा. मी स्वतः त्या शाळेवर होते. त्यासाठी टपालाने मॅट्रिकच्या बरोबरीची परीक्षा दिली होती, आणि लोरीनची तयारीही मीच करून घेतली. सप्टेंबरात तिचा बाप्तिस्मा झाला, ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिलं प्रभुभोजन. एकोणीस पुरी नव्हती. शाळा सुटल्यावर सायकलने घरी येत होती आणि मोठ्या रस्त्याच्या चौकात ट्रकखाली आली.

ट्रकवाला डेल कॉर्बिन, मोटारी वापरणाऱ्या बाहेरच्यांपैकी. तिसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन अंगणात उभा राहिला, आत यायचं धाडस होईना. फ्रीमन स्वतः बाहेर गेला, त्याचा हात धरून म्हणाला, "आमच्या मनात तुमच्याविषयी काही नाही." मी त्याच्या बायकोसाठी सफरचंदाची पाई बांधून दिली. शेरीफच्या माणसाने विचारलं, चौकशी पुढे न्यायची का. आम्ही नको म्हटलं. आपल्यात क्षमा लगेच करायची असते. चौकशी करून मग केलेली क्षमा म्हणजे सौदा झाला.

देवबापा, मला या सगळ्याची कुरकुर नाही. फक्त मंगळवारी तिच्या धुतलेल्या टोप्यांना इस्त्री करायची सवय जात नाही.

सोमवार, ३ मार्च

बरं चाललंय. फ्रीमन एक दिवस चेनची सायकल काढतो, एक दिवस बेल्टची. चौकापर्यंत जायचं आणि परत. दोन्हींना रस्ता एकच हवा, नाहीतर तुलना खरी होत नाही, असं म्हणतो. उन्हाळ्यात बेल्टच्या सायकली विकायला ठेवायच्या असतील. मला तर त्याचं बोलणं ऐकूनच बरं वाटतं. रात्री जेवताना काय काय सांगतो, ते लिहून ठेवते. दुकानाच्या कामाला येईल.

रस्त्यावरच्या मिठाने चेन चार दिवसांत तांबूस झाली. बेल्टवर बादलीभर पाणी ओतलं की झालं. त्याला तेल नको, हात काळे होत नाहीत, झग्याचा घेर अडकून फाटत नाही. उलट पक्षी ओला बर्फ दातांत भरला की बेल्ट कुरकुरतो, आणि ताण जरा कमी पडला तर दात सोडतो. एरवी आवाज मुळीच नाही. ऑस्कर श्रॉकच्या घोड्याला मागून कुणी येतंय हे कळलंच नाही, तो बुजला आणि ऑस्करच्या अंड्यांची टोपली रस्त्यावर. ऑस्कर म्हणाला, "फ्रीमन, चोरासारखा येतोस, निदान शीळ तरी घाल."

काल रात्री हे सांगताना फ्रीमन थोडा हसला. मी मुद्दाम दुसऱ्यांदा शेवया वाढल्या, तो खाऊ लागला.

मी विचारलं, "वाटेत तुटलं तर?"

"चेनची एक कडी काढून टाकायची, जोडायची, घरी यायचं. बेल्ट तुटला तर चालत."

"मग चेनच बरी की."

"चेन कुठे तुटते ते बघ," तो म्हणाला. "जोडावर."

ताट तसंच ठेवून उठला. शेवया उरल्या, त्या आज सकाळी तळल्या.

शुक्रवार, ७ मार्च

वाटाणा पेरला. जमीन अजून गार आहे.

बुधवार, १२ मार्च

आज मला राग आला, तो लिहूनच टाकते. मर्व्हिन फ्राय आपल्या मुलीसाठी सायकल घ्यायला आला. साधी, चेनची. दुकानात तशा तीन तयार. फ्रीमन म्हणाला, "मुलींसाठी चेनची नाही देणार."

मर्व्हिनला आधी थट्टाच वाटली. "मग काय, तुझ्या पट्ट्यासाठी गाय विकू?"

"थांब थोडा. स्वस्तात बसवून देतो."

"अरे, तिला सोमवारपासून कामावर जायचंय. चेनने काय घोडं मारलंय?"

मर्व्हिन माझ्याकडे पाहून टोपी नीट करत निघून गेला. आता तो दुसऱ्या दुकानात जाईल आणि त्याचा भाऊही. मी म्हटलं, "हा कुठला धंदा?" फ्रीमनने हात धुतले. काळे नव्हतेच, तरी बराच वेळ धूत राहिला.

सोमवार, १७ मार्च

विल्मा कपडे वाळत घालायच्या वेळी आली. "तुझा नवरा घरोघर काय करत फिरतो, ठाऊक आहे का तुला?"

मला वाटलं वसुलीला जातो.

"कसली वसुली? माझ्याकडे येऊन पोरींच्या सायकली अंगणात उलट्या करून बसला. प्रत्येकीचं चेनलॉक काढलं, नवीन बसवलं, पट्टी डोळ्यांजवळ नेऊन दोनदोनदा पाहिली. म्हटलं, कॉफी घे. म्हणे, हात काळे आहेत. म्हटलं, तुझे हात काळे नव्हते कधी? तर उठून गेला. श्रॉकांकडे, ईशांकडे, सगळीकडे तेच. पैसे द्यायला गेलं की घेत नाही."

चेनलॉक म्हणजे चेनची दोन टोकं जोडायची कडी. तिच्यावर बारीक पट्टी चढवतात, एका बाजूने बंद, एका बाजूने उघडी. एकेक पंचवीस सेंटला पडतं. पैशाचं नाही, पण विचारायचं तरी. रात्री मी बोलले तर म्हणाला, "उरलेल्या आठच सायकली आहेत." जसं काही मी तेच विचारलं होतं.

सोमवार, २४ मार्च

काल आराधनेनंतर पेरींनी जाहीर केलं. पेरी ईश आमच्या मंडळीचे बिशप. सहा एप्रिलला मेळाची सभा, वीस तारखेला प्रभुभोजन. मेळाच्या सभेत डीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा सेवक, बाकाबाकाने फिरून एकेकाला विचारतो, देवाशी, मंडळीशी, माणसांशी तुझा मेळ आहे का. सगळ्यांनी हो म्हटलं तर पुढे भाकर मोडायची, एकमेकांचे पाय धुवायचे. एकानेही नाही म्हटलं तर सगळ्यांचंच थांबतं.

परत येताना बग्गीत मी सहज म्हटलं, "लोरीन गेल्यानंतरची ही पहिलीच वेळ."

त्याने लगाम नुसता हातात धरला होता, घोडा आपला आपण चालत होता.

"तू हो म्हणशील ना?"

"डेल कॉर्बिनविषयी माझ्या मनात काही नाही."

"मग कुणाविषयी आहे?"

त्याने लगाम आवळून घोडा आमच्या रस्त्याला वळवला.

त्याचा मेळ माझ्याशी नसेल का, असं मनात आलं. रात्रभर आठवून पाहिलं, पण मी काही केल्याचं ध्यानात येत नाही. हे लिहायला लाज वाटते, पण देवाला दिसतंच, तर वहीला दिसायला काय हरकत. त्याने नाही म्हटलं तर मंडळी त्याला टाकणार नाही, मला माहीत आहे. पण तो स्वतःच बाहेर उभा राहील, आणि एकदा बाहेर उभं राहायची सवय लागली की माणूस परत येत नाही. माझ्या मामाचं तसंच झालं. लोरीन गेली ती देवाकडे गेली. हा जिवंतपणी कुठे जाणार?

रविवार, ६ एप्रिल

जसं झालं तसं लिहिते.

सभा श्रॉकांच्या कोठारात होती. डीकन ओरा विंगर्ड पुरुषांच्या बाकांवरून येत होते. हो, हो, हो, असा आवाज पुढे सरकत होता. मी मान खाली घालून ऐकत होते. फ्रीमनपाशी तो आवाज थांबला.

"फ्रीमन?"

"मला म्हणता येत नाही."

एक तान्हं मूल तेवढं रडत होतं. त्याची आई त्याला बाहेर घेऊन गेली.

पेरी उभे राहिले. त्यांचा आवाज मऊ आहे. "कुणाविरुद्ध काही आहे का, फ्रीमन?"

"कुणाविरुद्ध नाही. लोरीन गेली त्याच्या आदल्या दिवशी तिची चेन मी जोडली होती. दोन तुकड्यांची. चेनलॉकवर पट्टी बसवली, ती कुठल्या बाजूने बसवली ते मला आठवत नाही. बंद तोंड पुढे हवं. उलटी बसली तर एखाद्या धक्क्याने पट्टी निघते, चेन सुटते, आणि भर चौकात माणूस रिकाम्या पॅडलवर उभा राहतो. आयुष्यभर मी त्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक वेळी बघतो. त्या वेळी बघितलं की नाही, ते आठवत नाही."

ओरांनी विचारलं, "नवी चेन का नाही घातलीस? तुझं तर दुकान आहे."

बायकांच्या बाजूला फ्रीमनने पाहिलंही नाही, समोरच्या खांबाकडे पाहत राहिला. त्याला शब्द सुचला नसेल.

"सायकल तपासलीस का?" पेरींनी विचारलं.

"सायकल नाही."

एवढंच. भंगारवाल्याला मी दिली होती. ती वाकलेली सायकल कोठीमागे उभी होती. नोव्हेंबरात भंगाराची गाडी आली तेव्हा फ्रीमन लिलावाला गेला होता. त्याला ती रोज दिसू नये म्हणून मी चुलीच्या जुन्या नळकांड्यांबरोबर देऊन टाकली. सहा डॉलर आले ते दानपेटीत टाकले. मोकळी जागा पाहून तो काही बोलला नाही, मला वाटलं बरं झालं.

ओरा मग आमच्या बाकांकडे आले. माझी पाळी आली, मी हो म्हटलं.

जेवायला शेंगदाण्याचं लोणी आणि पाव होता. सगळे हळू बोलत होते. आमच्या घोड्याला कुणीतरी आधीच जुंपून ठेवलं होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

पेरी आले. आधी घरात न येता दुकानात गेले. मी कॉफी घेऊन गेले तेव्हा ते बेल्टच्या सायकलीवर बसून दुकानातल्या दुकानात चार हात पुढे-मागे करत होते. "आवाजच नाही रे. प्रवचनाला उशिरा पोचलो तरी कुणाला कळायचं नाही." फ्रीमनने त्यांच्यासाठी स्टूल पुसलं.

मग म्हणाले, "हे बघ, देवाने क्षमा केलीय. तू कोण ती न घेणारा?"

"कशाची क्षमा, पेरी?"

"जे झालं त्याची."

"काय झालं तेच मला माहीत नाही. माझ्या हातून झालं असेल तर सगळ्यांपुढे गुडघे टेकतो, झालं म्हणतो. झालं नसेल तर न केलेल्या पापाची क्षमा मागायची, म्हणजे देवापुढे खोटं बोलायचं. दोन्हींच्या मधे गुडघे कुठे टेकू?"

पेरींनी कप खाली ठेवून स्टुलाची कड अंगठ्याने चाचपली. लाकूडकामाचा माणूस, त्याला असं काही सरळ करता न येणं सोसत नाही. शेवटी म्हणाले, "मग मंडळी थांबेल. वीसचं रद्द करतो. चार मेला परत विचारू."

"माझ्यासाठी थांबू नका."

"भाकर मोडायला आम्ही एकेकटे येत नाही, फ्रीमन."

गुरुवार, १० एप्रिल

आज बग्गी जुंपून एकटी भंगारवाल्याकडे गेले. फ्रीमनला दळणाचं सांगितलं, खोटंच. भंगारवाल्याच्या आवारात सायकलींचा ढीग होता, माझ्या डोक्याच्या वर. मी निळ्या रंगाची, मागे टोपली असलेली, असं सांगितलं. तो भला माणूस आहे, बाहेरचा असून आपल्यातल्यांशी सांभाळून बोलतो.

"बाई, नोव्हेंबरचं लोखंड ना? ते डिसेंबरातच वितळलं. आतापर्यंत त्याचं कुठल्याशा मोटारीचं दार झालं असेल."

तरी मी ढिगाभोवती एक फेरी मारली. त्याने मारू दिली.

घरी आल्यावर फ्रीमनने विचारलं, "दळण कुठाय?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "मला दिसू नये म्हणून दिलीस, मला माहीत आहे." मग म्हणाला, "तिथे हवा गार असेल. शाल घ्यायची होतीस."

शनिवार, १९ एप्रिल

उद्या प्रभुभोजन व्हायचं होतं. काल सगळ्यांनी उपास केला, आम्हीही.

विल्मा सकाळी आली, रागातच. "शंभर माणसं तुझ्या नवऱ्याच्या नखाएवढ्या पट्टीसाठी ताटकळलीत. म्हातारी फॅनी पुढच्या खेपेपर्यंत असेल की नाही कोण जाणे." एवढं बोलून माझ्या पोळपाटापाशी बसली आणि ॲप्रन तोंडाला लावून रडली. "लहानपणी त्याने माझी बाहुली दुरुस्त केली होती," म्हणाली. "तिचा तुटका हात जोडायला दुपार घालवली."

फ्रीमन दोन्ही सायकली आता बाहेर काढत नाही. दुकानाचं दार उघडतो, आत बसतो. अंगावरची पँट सैल झालीय, मी खांद्याच्या पट्ट्यांची बटणं सरकवून लावली.

सोमवार, २१ एप्रिल

कपडे धुताना सुचलं. इतक्या दिवसांत कसं सुचलं नाही हे मला समजत नाही. एका माणसाने सगळं पाहिलं होतं. तो आमच्या अंगणात उभा होता, फ्रीमनने त्याचा हात धरला होता, आणि आम्ही त्याला एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. क्षमा केली, पाई दिली आणि त्याची सुटका केली.

डेल कॉर्बिनचं नाताळला कार्ड आलं होतं, मिशिगनहून. ट्रक सोडला, बहिणीकडे राहतो, असं लिहिलं होतं. काय उत्तर द्यावं कळेना म्हणून राहिलं.

फ्रीमनला विचारलं, त्याला लिहू का. तो म्हणाला, "त्याला परत तिथे उभं करायचं का आपण?"

"तू रोज उभा असतोस."

"लिही," म्हणाला. "पण मला वाचून दाखवू नकोस."

तीनदा लिहिलं. पहिल्यात मी लिहिलं होतं की चेन जागेवर होती एवढं कळवा, म्हणजे माझ्या नवऱ्याला झोप येईल. वाचून पाहिलं तेव्हा कळलं की मी त्या माणसाकडे खोटं मागतेय. ते चुलीत टाकलं. देवबापा, खरं सांगायचं तर अजूनही मला तेच हवंय. शेवटी पाठवलं त्याची नक्कल इथे ठेवते.

'श्री. डेल कॉर्बिन यांस,

तुमचं कार्ड मिळालं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल माफ करा.

लोरीनची चेन तिच्या वडिलांनी आदल्या दिवशी जोडली होती. ती नीट जोडली की नाही हे त्यांना आठवत नाही आणि सायकल आता राहिली नाही. म्हणून तुम्हाला विचारते. ती चौकात आली तेव्हा पॅडल मारत होती का? की तिचे पाय रिकामेच फिरत होते? चेन जागेवर होती की खाली लोंबत होती? तुमच्याखेरीज कुणी पाहिलं नाही.

चेन जागेवर असेल तर दोष तुमच्याकडे सरकतो, हे मला समजतं. त्या दोषाची क्षमा तुम्हाला त्याच आठवड्यात दिलेली आहे. तेव्हा तो किती होता हे आम्ही विचारलं नव्हतं, आताही त्यासाठी विचारत नाही. दिलेली परत घेणार नाही. चेन लोंबत असेल तर तसंच लिहा, गुडघे टेकायला माझा नवरा तयार आहे. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिहा. दया म्हणून मात्र काही लिहू नका, मी तशी इच्छा केली तरी.

आमच्या घरी टेलिफोन नाही. चार मेला त्यांना पुन्हा विचारलं जाईल. तिकीट लावलेलं, आमचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. एका ओळीचं असलं तरी चालेल, पण कृपा करून उलट टपाली कळवा.'